बोटीचं चित्र आणि परतीचं तिकीट

आज जरा वेगळा विषय. सॉफ्टवेअर नाही, क्रिकेट नाही, पुण्याचा ट्रॅफिक तर नाहीच नाही. आज बोटी. आणि त्यातही पोस्टरवरच्या बोटी.

ते पोस्टर तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, नाव माहीत नसलं तरी. एखाद्या कॅफेच्या भिंतीवर, कुणाच्या तरी नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, नाहीतर फ्रेमवाल्याच्या दुकानात दर्शनी भागात. एक प्रचंड जहाज, अगदी नाकासमोर उभं. आपण जणू पाण्यात पोहतोय आणि मान वर करून बघतोय. दोन्ही बाजूंनी काळ्या पोलादी भिंती वर चढत जातात, मधोमध तलवारीच्या धारेसारखी नाळ, वर फ्रेंच झेंडा. खाली ठळक अक्षरात 'नॉर्मांदी' आणि त्याखाली ल हाव्र, साउदॅम्प्टन, न्यूयॉर्क.

१९३५ सालचं हे पोस्टर. काढणारा ए. एम. कॅसाँद्र. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत अशा बोटींची शेकडो पोस्टरं निघाली. फ्रेंच, इटालियन, डच, जर्मन, ब्रिटिश, सगळ्या कंपन्यांची. त्यातलं हे सगळ्यात गाजलेलं. आज त्यांच्या मूळ प्रती लिलावात हजारो डॉलरला जातात आणि आपल्यासारखे लोक ऑनलाइन छापील नक्कल मागवून भिंतीवर लावतात.

माझी तक्रार पोस्टरबद्दल नाही. पोस्टर भारीच आहे. तक्रार आहे ती त्याच्याकडे बघून सोडल्या जाणाऱ्या उसाशाबद्दल. "काय तो जमाना होता यार! प्रवास म्हणजे प्रवास होता. आता काय, गुडघे दुमडून सोळा तास बसा आणि रबरासारखं ऑम्लेट खा." हा उसासा मला पटत नाही. तो जमाना कुणाचा होता, हे त्या पोस्टरनेच सांगून ठेवलंय. फक्त ते वाचावं लागतं.

आधी पोस्टरची बाजू घेतो, कारण ती घेण्यासारखी आहे.

कॅसाँद्रचं खरं नाव अ‍ॅडॉल्फ मूराँ. जन्म १९०१, खार्किव्हमध्ये. वाढला पॅरिसमध्ये. पोस्टर म्हणजे भिंतीवरचं पेंटिंग नव्हे, हे त्याला फार लवकर कळलं होतं. माणूस चालता चालता, बसमधून, मोटारीतून पोस्टर बघणार. थांबून न्याहाळणार नाही. तेव्हा एका नजरेत जे कळेल तेच खरं. पोस्टर करणाऱ्याची तुलना त्याने तारमास्तराशी केली होती. तारमास्तर स्वतःचा निरोप पाठवत नाही, दुसऱ्याचा निरोप न चुकता पोचवतो, बस्स. दिवसभर स्क्रीन डिझाइनवरून भांडणाऱ्या आम्हा लोकांनी हे वाक्य टेबलावर लिहून ठेवायला हरकत नाही :)

आता त्याने ते केलं कसं बघा. जहाज केवढं मोठं आहे हे सांगायचंय. आकडा लिहिला तर कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही. नॉर्मांदी ३१३ मीटरहून लांब होती, एक हजार फुटांचा टप्पा ओलांडणारं पहिलं प्रवासी जहाज. पण ३१३ मीटर म्हणजे किती, याचा अंदाज कुणाला असतो? म्हणून कॅसाँद्र बाजूने जहाज दाखवतच नाही. समोरून दाखवतो. लांबी गायब, उंची तेवढी उरते. आणि मग पाण्याच्या रेषेपाशी, डाव्या कोपऱ्यात, अगदी चिमुकले पांढरे पक्षी. तेवढ्या चार ठिपक्यांनी काम होतं. पक्षी केवढा असतो ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे जहाज केवढं असेल ते डोकं आपोआप ठरवून टाकतं. आधी, १९३१ साली 'लाटलांटिक' या बोटीच्या पोस्टरमध्ये त्याने हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेने केली होती. तिथे जहाज म्हणजे जवळजवळ एक चौकोनी ठोकळा, एखाद्या इमारतीसारखा, आणि पायथ्याशी धूर सोडणारा इवलासा टगबोट. १९२८च्या 'स्टाटेंडाम'मध्ये तर जहाजच नाही. नुसते धुराडे आणि हवा आत घेणाऱ्या भोंग्यांची तोंडं. उरलेलं जहाज तुमचं तुम्ही कल्पून घ्या.

याला मी इंजिनियरिंग म्हणतो. कमीत कमी सामानात जास्तीत जास्त काम.

ही पोस्टरं छापली जायची लिथोग्राफीने, म्हणजे शिळाछापाने. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, या एवढ्याशा गोष्टीवर सगळा कारभार. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर (पुढे जस्ताच्या पत्र्यावर) तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त चित्रावर चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे रंग एकमेकांवर बरोब्बर बसले पाहिजेत. आपल्याकडे घरोघरी ज्या लक्ष्मी-सरस्वती पोचल्या त्या याच तंत्राने. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लोकलने मळवली स्टेशन मागे पडतं तेव्हा मला दर वेळी गंमत वाटते. तंत्र एकच. इथे त्याने देव घरात आणले, तिथे बोटी भिंतीवर.

इथवर कौतुक. आता प्रश्न.

ही पोस्टरं नेमकी याच वीस वर्षांत एवढी बहरली, ती का? अटलांटिकवर वाफेच्या बोटी एकोणिसाव्या शतकापासून धावत होत्या. रंगीत शिळाछाप पोस्टरंही १८६०च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर होती. पहिल्या महायुद्धाआधी बोटींच्या जाहिराती नव्हत्या असं अजिबात नाही. पण प्रवास हीच एक चैनीची वस्तू म्हणून, सुटीचं स्वप्न म्हणून एवढ्या जोरात विकला जायला लागला तो १९२०नंतर. का?

उत्तर पोस्टरच्या दुनियेत नाही, अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकात आहे.

युद्धाआधी अटलांटिकवरच्या बोट कंपन्यांचा पाया होता सगळ्यात खालचा वर्ग. पहिल्या वर्गातले लखपती पेपरात झळकायचे, पण कंपनीचा गल्ला भरायचा तो खाली दाटीवाटीने झोपणाऱ्या स्थलांतरितांनी. इटलीतले शेतमजूर, पोलंडमधले ज्यू, आयर्लंडच्या पोरी, क्रोएशियातले कामगार. १९०७ या एका वर्षात अमेरिकेत साधारण १२ लाख ८५ हजार माणसं कायमची राहायला आली. त्यातली बहुतेक सगळी बोटीने आली, हे वेगळं सांगायला नको. या मंडळींना चित्राच्या मोहिनीची फार गरज नव्हती. बोट कधी सुटते, भाडं किती, गावातला एजंट कोण, एवढं पुरे. आणि तिकीट एकेरी. परत यायचंच कुणाला होतं? (काही यायचे, विशेषतः इटालियन. पण निघताना तिकीट एकेरीच.)

मग १९२१ साली अमेरिकेने कोटा लावला. देशागणिक संख्या ठरली आणि वर्षाला साधारण साडेतीन लाखांवर मर्यादा आली. तेही जास्त वाटलं म्हणून १९२४ साली नवा कायदा. त्यात १८९० सालच्या जनगणनेत त्या त्या देशाचे जेवढे लोक अमेरिकेत होते त्यांच्या २ टक्के, एवढाच वर्षाचा कोटा. एकूण साधारण १ लाख ६५ हजार. १८९० साल मुद्दाम निवडलेलं होतं, कारण दक्षिण आणि पूर्व युरोपातली मंडळी मोठ्या संख्येने आली ती त्यानंतर. ज्या इटलीतून १९०७ साली पावणेतीन लाखांहून जास्त माणसं आली होती, तिचा नवा कोटा किती? ३,८४५. वर्षाला.

भारतीयांचं काय? आपल्यासाठी ते दार १९१७च्या कायद्यानेच बंद झालं होतं. १९४६ साली ते किंचित किलकिलं झालं, तेव्हा भारताला कोटा मिळाला वर्षाला १००. लाख नव्हे, हजार नव्हे, शंभर माणसं.

आता बोट कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खालचे मजले रिकामे. जहाजं तशीच, कर्जाचे हप्ते तसेच, गिऱ्हाईक एका सहीने नाहीसं झालेलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात मोठा क्लायंट गेला आणि अख्खी टीम बेंचवर. अशा वेळी काय करतात? रिकाम्या जागेला नवं नाव देऊन नवं गिऱ्हाईक शोधतात. तेच झालं. १९२०च्या दशकाच्या मध्यात 'टूरिस्ट थर्ड केबिन' नावाचा नवा वर्ग निघाला. खालच्या भागाची साफसफाई, रंगरंगोटी, लहान पण नीटनेटक्या खोल्या. गिऱ्हाईक कोण? अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी, शाळामास्तर, कारकून, उन्हाळ्याच्या सुटीत युरोप बघायला निघालेले. शिवाय १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. परदेशी बोट अमेरिकेची हद्द सोडून गेली की बार उघडा. हेही आकर्षण काही कमी नव्हतं बरं का.

या नव्या गिऱ्हाइकाला अटलांटिक ओलांडायची काहीच गरज नव्हती. त्याच्यावर उपासमारीची वेळ आलेली नव्हती की कुणी त्याचं घर जाळत नव्हतं. त्याला जावंसं वाटायला लावणं भाग होतं. आणि 'वाटायला लावण्या'साठी पोस्टर लागतं.

माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे: पोस्टर हे परतीचं तिकीट काढणाऱ्यासाठी असतं. ज्याला जावंच लागतं त्याला वेळापत्रक पुरतं. ज्याला पुन्हा घरी यायचंय, त्याला स्वप्न विकावं लागतं. ज्या कायद्याने एकेरी तिकीटवाल्यांना दाराबाहेर ठेवलं, त्याच कायद्याने दुहेरी तिकीटवाल्यांसाठी ही सुंदर चित्रं काढायला लावली. दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. म्हणून 'काय तो जमाना होता' म्हणताना त्या जमान्यात कुणासाठी दार बंद झालं होतं, हेही आठवावं लागतं.

आता खुद्द नॉर्मांदीकडे बघा. २९ मे १९३५ रोजी ती ल हाव्रहून पहिल्या सफरीवर निघाली आणि पहिल्याच फेरीत अटलांटिक सर्वात वेगाने ओलांडायचा 'ब्लू रिबँड' मान पटकावला. जेवणाचा हॉल ९० मीटरहून लांब, त्यात लालिकच्या काचेचे दिवे. इंजिनियर म्हणून मला जास्त कौतुक वेगळ्याच गोष्टीचं. व्लादिमीर युर्केविच या रशियातून आलेल्या निर्वासित इंजिनियरने तिचा बुडाचा आकार असा बसवला होता की पाणी कमीत कमी अडवेल. नाळेच्या खाली, पाण्याच्या आत, पुढे आलेला एक फुगवटा. पोस्टरमधली ती तलवारीसारखी नाळ आपण बघतो ना, तिची खरी करामत पोस्टरच्या खाली आहे, जिथे चित्र संपतं आणि अक्षरं सुरू होतात. आणि वरच्या तीन धुराड्यांपैकी तिसरं चक्क दिखाऊ. त्यातून धूर येत नव्हता. तिथे प्रवाशांची कुत्री ठेवायची सोय होती!

पण सगळ्यात बोलका आकडा हा. नॉर्मांदीत साधारण १,९७० प्रवाशांची सोय होती. त्यातली पहिल्या वर्गाची ८४८, टूरिस्ट वर्गाची ६७० आणि तिसऱ्या वर्गाची ४५४. म्हणजे पिरॅमिड उलटा. युद्धाआधीच्या बोटींत खाली गर्दी आणि वर तुरळक श्रीमंत, इथे वरचा वर्गच सर्वात मोठा. हे जहाज पोस्टरवर विश्वास ठेवून बांधलेलं होतं. आणि ते पुरतं भरलं का? नाही. आर्थिक मंदीचा काळ. बऱ्याचशा फेऱ्या अर्ध्या-पाऊण रिकाम्या गेल्या. जहाज चाललं ते फ्रेंच सरकारच्या पैशावर आणि राष्ट्राच्या इभ्रतीवर. तिकडे ब्रिटनची 'क्वीन मेरी' तर डिसेंबर १९३१ ते एप्रिल १९३४ क्लाइडबँकच्या गोदीत अर्धवट सांगाडा होऊन गंजत उभी होती. सरकारने कर्ज दिलं तेव्हा काम पुढे सरकलं. म्हणजे पोस्टरवर जे वैभव दिसतं ते बरंचसं उधारीवरचं होतं.

पुढचं थोडक्यात. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा नॉर्मांदी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर होती, तिथेच अडकली. अमेरिकेने ताब्यात घेऊन तिचं सैनिकवाहू जहाज करायला घेतलं. ९ फेब्रुवारी १९४२ रोजी वेल्डिंगची ठिणगी लाइफ जॅकेटांच्या ढिगावर पडली, आग लागली. बंबांनी इतकं पाणी मारलं की जहाज एका बाजूला कलत कलत धक्क्यापाशीच आडवं झालं. युर्केविच त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होता, पण त्याचा सल्ला कुणी घेतला नाही. (ज्याने सिस्टीम बनवली त्याला सोडून बाकी सगळ्यांना मीटिंगला बोलवायची पद्धत जुनीच दिसते.) १९४६ साली ती भंगारात विकली गेली. ती 'लाटलांटिक' तर १९३३ सालीच, पोस्टरनंतर दोन वर्षांत, इंग्लिश खाडीत जळून गेली. बोटीत प्रवासी नव्हते, पण १९ खलाशी मेले. पोलाद गेलं, कागद उरला. गंमतच आहे.

या १९ खलाशांवरून पुढचा मुद्दा. कॅसाँद्रच्या बोटींच्या पोस्टरात माणूस नाही. प्रवासी नाही, कप्तान नाही, खलाशी नाही. नॉर्मांदीवर साधारण १,३००हून जास्त नोकरवर्ग होता, म्हणजे तीन प्रवाशांमागे दोन माणसं राबणारी. चित्रात पक्षी आहेत, माणूस नाही. दुसऱ्या चित्रकारांच्या पोस्टरात माणसं असतात, पण ती डेकवर आरामखुर्चीत पहुडलेली. कामावरची क्वचितच.

आणि इथे आपला संबंध येतो. ओढूनताणून नाही, सरळ.

मराठी माणसाला 'विलायतेची बोट' म्हटलं की आधी 'मोरिया' आणि १९१० सालची मार्सेलिसची उडी आठवते. ती पी अँड ओ कंपनीची बोट. लंडन-मुंबई टपालमार्ग याच कंपनीच्या हातात होता. दोन युद्धांच्या मधल्या काळात बोट बॅलार्ड पिअरला लागायची आणि धक्क्याला लागूनच रेल्वे उभी असायची. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल इथूनच पेशावरला सुटायची. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेला डॉ. आंबेडकर गेले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने. तेव्हाची अगदी नवी कोरी, विजेच्या मोटारींवर चालणारी बोट, नॉर्मांदीच्या सहा वर्षं आधी तेच तंत्र वापरणारी. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९३१ला, गांधीजी 'राजपुताना'ने गेले. तेव्हा आपण फक्त तळघरात होतो असं म्हणणं खोटं ठरेल. डेकवरही होतो, आणि केवढी माणसं होती!

पण तळघरातही होतोच, आणि कितीतरी जास्त संख्येने. त्या काळात ब्रिटिश व्यापारी जहाजांवरच्या खलाशांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतीय उपखंडातला होता. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातकडचे खलाशी, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाब आणि सरहद्द प्रांतातले लोक, आणि जेवणाच्या टेबलापाशी पांढऱ्या कोटातले गोंयकार. त्यांच्या हुद्द्यांची नावं होती सारंग, तांडेल, कसाब. तांडेल आडनावाचा एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल. पगार गोऱ्या खलाशाच्या काही अंशाने. कंपन्यांना ते परवडायचे म्हणून तर एवढे होते. बोटीवरून उतरले की गोंयकार मुंबईत धोबीतलाव, माझगावच्या 'कुडां'त राहायचे. प्रत्येक गावाची वेगळी कूड. एक मोठी खोली, भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात आल्तार, आणि पुढची बोट मिळेपर्यंत वाट बघणं. त्यातल्या काही कुडी आजही आहेत. त्या ट्रंकांचं पोस्टर कुणी काढलं नाही.

'आपली' बोट असती तर? तोही प्रयत्न झाला. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी या मंडळींनी सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो त्यामुळे. पण पी अँड ओचे अध्यक्ष लॉर्ड इंचकेप आणि त्यांच्या कंपन्यांसमोर दरयुद्धात टिकणं अवघड होतं. १९२३च्या कराराने सिंदियाला किनारपट्टीच्या मालवाहतुकीपुरतं बांधून टाकलं. १९२३ साली आपली कंपनी किनाऱ्याला बांधली गेली, १९२४ साली अमेरिकेचं दार लागलं. पोस्टरांचा सुवर्णकाळ सुरू होतो तो नेमका इथून. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र वेगळं दिसायला लागतं.

आता यावर एक आक्षेप येणार, आणि तो बिनबुडाचा नाही. "अरे, ती जाहिरात आहे! जाहिरातीत भट्टी आणि पगारपत्रक कोण दाखवेल? तुझ्या कंपनीच्या वेबसाइटवर तरी रात्री दोनचा कॉल दाखवतात का?" बरोबर. नाही दाखवत. तिथे काचेची इमारत, हिरवळ आणि हसरे चेहरे असतात. जाहिरातीने तिचं काम केलं म्हणून मी कॅसाँद्रला दोष देत नाही. तो तारमास्तर होता, निरोप पोचवून मोकळा झाला. उलट मला वाटतं त्याचं पोस्टर बाकीच्यांपेक्षा प्रामाणिक आहे. आरामखुर्चीतली हसरी जोडपी दाखवून तो खोटं बोलत नाही. तो सरळ सांगतो, हे एक प्रचंड यंत्र आहे आणि तू त्याच्यापुढे पक्ष्याएवढा आहेस. स्थलांतरिताला आणि खलाशाला हे आधीच ठाऊक होतं. पहिल्या वर्गवाल्याला मात्र त्या भव्यतेचं अप्रूप वाटलं, कारण त्याची सुटका पक्की होती. खिशात परतीचं तिकीट होतं.

दोष असलाच तर आपल्या बघण्यात आहे. जाहिरातीचं आयुष्य एका हंगामाचं असतं. त्या हंगामात तिला कुणी इतिहास समजत नाही. नव्वद वर्षांनी आपण तिलाच इतिहास समजायला लागतो, कारण बाकीचा पुरावा भिंतीवर लावण्यासारखा नसतो. इटालियन मजुराचं एकेरी तिकीट, गोंयकार स्टुअर्डचं डिस्चार्ज बुक, कोट्याचा तक्ता हे कोण फ्रेम करून लावणार? सुंदर गोष्टी टिकतात आणि मग टिकलेल्या गोष्टींवरून आपण ठरवतो की सगळा काळच सुंदर होता. आमच्या धंद्यात याला चुकीचा सँपल घेऊन काढलेला निष्कर्ष म्हणतात आणि रिव्ह्यूमध्ये तो पहिल्या मिनिटात उडवला जातो.

हे आपल्यालाच जास्त लागू आहे असं मला वाटतं, कारण आमची जमात विचित्र ठिकाणी उभी आहे. ऑनसाइट जाणारा माणूस ना धड स्थलांतरित, ना धड प्रवासी. जाताना तिकीट परतीचं, मनात एकेरी. किंवा उलटं. बॅगेत प्रेशर कुकर आणि गोडा मसाला, फोनमध्ये विमानाच्या खिडकीतून काढलेला फोटो. देशागणिक कोट्याची ती १९२४ची पद्धत अमेरिकेने १९६५ साली मोडीत काढली खरी, पण कायम राहण्याच्या परवान्यात दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आजही आहे आणि तुम्ही कुठे राहता यापेक्षा कुठे जन्मलात यावर ती रांग ठरते. भारतात जन्मलेल्यांची रांग किती लांब आहे हे या ब्लॉगच्या वाचकांना मी सांगायला नको. निम्मे तुम्ही त्याच रांगेत असाल. तेव्हा ज्या कागदाने आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला थारा दिला नसता, त्या काळाबद्दल हळहळताना दोन मिनिटं थांबावं, एवढंच.

आणि तो जमाना संपल्याचं मला दुःखही नाही. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि बोटींचे दिवस भरले. पोस्टरची परंपरा विमान कंपन्यांनी उचलली. त्यातलं आपलं सर्वात लाडकं अपत्य म्हणजे एअर इंडियाचा महाराजा, १९४६ साली बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातलेला. मला तो मनापासून आवडतो. तरीही बघा, बोटीच्या पोस्टरवर ज्याला जागा नव्हती तो भारतीय माणूस विमानाच्या जाहिरातीत आला, थेट महाराजा होऊन आला, आणि आला तोही कमरेत वाकूनच!

गुडघे दुमडून सोळा तास बसावं लागतं हे खरं. पण त्या रांगेत शेजारी आखातात गवंडीकाम करणारा असतो, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या नऊवारीतल्या आजी असतात, पहिल्यांदा देशाबाहेर पडलेला पोरगा असतो. नॉर्मांदीच्या ८४८ जागांमध्ये यातलं कुणीही बसलं नसतं. रबरी ऑम्लेटच्या बदल्यात हा सौदा मला तरी स्वस्त वाटतो.

मग पोस्टर काढून टाकायचं का? छे, मुळीच नाही. लावा. फक्त नुसतं 'व्हिंटेज' म्हणून लावू नका. कोणती बोट, कोणतं साल, कुठून कुठे, एवढं माहीत करून घ्या. कुणी पाहुण्याने "काय तो जमाना" म्हटलं की चहा होईपर्यंत त्याला ३,८४५ आणि १०० हे दोन आकडे सांगा, धोबीतलावच्या कुडीतल्या ट्रंकांबद्दल सांगा. चित्र त्याने कमी सुंदर होत नाही. मला तर ते पक्षी आता जास्तच दिसायला लागलेत.

असो. सोमवार जवळ आलाय. क्रूझच्या ऑफर्सचे मेल इनबॉक्समध्ये पडलेच आहेत. त्यांच्यावरही बोट समोरूनच दाखवलीय, फक्त पक्षी काढायचे विसरलेत.